सॉफ्टवेअर करून घ्यायचंय? आधी वही उघडा



आपल्यापैकी बऱ्याच संघांकडे कोणी ना कोणी लॅपटॉप घेऊन येऊन गेलं असेल. रंगीत तक्ते दाखवतात, 'ताई, सगळा हिशोब एका क्लिकवर' म्हणतात आणि किंमत सांगतात. किंमत ऐकून अध्यक्ष सचिवाकडे बघते, सचिव कोषाध्यक्षाकडे, आणि कोषाध्यक्ष लेखापालाकडे. नेमकं काय विचारायचं ते माहीत नसतं, म्हणून कोणीच काही विचारत नाही. चहा होतो, आणि ठरावावर सह्या होतात.

या पाठात आपण तेच समजून घेणार आहोत. सॉफ्टवेअर तयार कसं होतं, ते करून घेण्याचं काम कसं आखतात, आणि त्यातलं आपल्या वाट्याचं काम कोणतं.

एक खुलासा आधीच करते. उमेदच्या गटांची माहिती ज्यावर भरतात ते लोकोस ॲप वरच्या पातळीवर तयार झालेलं आहे. त्यात आपण फेरबदल सुचवू शकतो, पण ते बनवून घेणाऱ्या आपण नाही. इथे बोलायचंय ते संघ स्वतःचे पैसे मोजून जे करून घेतो त्याबद्दल. उदाहरणार्थ अंतर्गत कर्जाचा हिशोब, मसाला युनिटचा साठा, पापडाच्या ऑर्डरी, कामाला येणाऱ्या बायकांची मजुरी.

चूक कोणाच्या अंगावर येते?

सॉफ्टवेअर बनवणारा शहरात असतो. चूक झाली की ती गावातल्या बैठकीत उघडी पडते. कोणीतरी मोबाईलवर बघून म्हणतं, 'तुझे दोन हप्ते थकलेत.' त्या बाईने तर पैसे भरलेले असतात. दहाजणींसमोर तिला खाली मान घालावी लागते, तिचं पुढचं कर्ज अडतं, आणि गटाची परतफेड कमी दिसली तर बँकेचा साहेबही शंका घेतो. दहा वर्षं नियमित परतफेड करून मिळवलेली पत एका चुकीच्या आकड्याने हलते. म्हणून हा विषय 'कॉम्प्युटरवाल्या मुलांचा' आहे असं समजून सोडून देऊ नका.

'व्याज' या एका शब्दाची गंमत

समजा, एका ताईने 12,000 रुपये कर्ज घेतलं. मुदत 12 महिने, व्याज महिना 2 टक्के. आपण बनवणाऱ्याला सांगितलं, 'दोन टक्के व्याज लावायचं.' त्याने मान डोलावली.

आता बघा. दर महिन्याला 1,000 रुपये मुद्दल फिटत गेलं आणि उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावलं, तर पहिल्या महिन्याला 240, दुसऱ्याला 220, तिसऱ्याला 200, असं उतरत शेवटच्या महिन्याला 20 रुपये होतात. वर्षाचं व्याज भरतं 1,560 रुपये. पण बनवणाऱ्याने पूर्ण 12,000 वरच दर महिन्याला 240 लावले, तर वर्षाला 2,880 रुपये. फरक 1,320 रुपयांचा. दोन्ही वेळा 'दोन टक्के व्याज'च लावलंय! एका ताईमागे 1,320, तर शंभरजणींचे किती, ते तुम्हीच बोटांवर मोजा.

अजून पुढे जाऊ. पहिल्या महिन्याला त्या ताईने 1,240 भरायचे होते, पण घरात आजारपण निघालं आणि तिने 700च आणले. आता हे 700 आधी व्याजात जमा करायचे की मुद्दलात? आधी व्याज धरलं तर 240 व्याज फिटतं, 460 मुद्दलात जातात आणि मुद्दल राहतं 11,540. आधी मुद्दल धरलं तर मुद्दल 11,300 राहतं आणि 240 व्याज बाकी दिसतं. गटाची जी पद्धत असेल ती असेल, पण ती कोणीतरी सांगायला हवी. आपण सांगितली नाही तर बनवणारा स्वतःच्या मनाने काहीतरी धरतो. त्याला दोष देता येणार नाही, कारण त्याला रिकामी जागा भरायचीच असते.

गरजा लिहिण्याचं काम

सॉफ्टवेअरच्या कामाची पहिली पायरी म्हणजे गरजा लिहून काढणं. हे काम टाळलं की पुढचं सगळं डगमगतं. माझ्या मते संघाने सर्वांत जास्त वेळ इथेच घालवावा.

बनवणारा विचारतो, 'ताई, तुम्हाला काय काय हवंय?' या प्रश्नाचं नीट उत्तर कोणालाच देता येत नाही. आपण म्हणतो, 'बचत, कर्ज, व्याज, दंड… झालं.' कारण रोज हाताखालून जाणाऱ्या गोष्टी आपल्याला सांगण्यासारख्या वाटतच नाहीत. त्यापेक्षा त्याला एक दिवस वही लिहिणाऱ्या ताईशेजारी बसवा. गटाची वही, ग्रामसंघाचं रजिस्टर, पावतीपुस्तक, बँकेचं पासबुक, सगळं समोर ठेवा. तो लिहील, ती सांगेल.

आणि मुद्दाम अवघड पानं काढा. सरळ पानं कोणालाही जमतात. एका गटात तीन सुनीता आहेत, त्यातल्या दोघींचं आडनावही एकच. लग्नानंतर नाव बदललेली एकजण आहे, आधारवर एक नाव आणि वहीत दुसरं. पेरणीच्या दिवसांत दोन बैठका झाल्याच नाहीत, तर त्या महिन्यांचा दंड लावायचा का? पैसे बैठकीत सोमवारी जमा झाले, बँकेत भरले गुरुवारी, मग तारीख कोणती धरायची? एक सभासद वारली, तिचं कर्ज आणि तिची बचत यांचं काय? कोणीतरी मुदतीआधीच सगळं फेडलं. मसाला युनिटमध्ये 50 किलो मिरची आणली, वाळवून, देठ काढून ती कमी भरली. ही घट कुठे लिहायची? घट लिहायला जागा नसेल तर कागदावर रोज चोरी झालेली दिसेल!

अशी वीस-पंचवीस उदाहरणं, खऱ्या आकड्यांसकट, नावं झाकून, कागदावर लिहा. प्रत्येकापुढे 'आपला नियम काय' ते लिहा. काही ठिकाणी कळेल की आपला नियमच ठरलेला नाही, एका गटात एक आणि दुसऱ्यात दुसरं चालतंय. तो निर्णय बैठकीत घ्यायचा, सॉफ्टवेअरवाल्यावर सोपवायचा नाही. हे कागद जपून ठेवा. पुढे तपासणीच्या वेळी हेच कामाला येणार आहेत.

बनवायच्या दोन तऱ्हा

सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत, पण आपल्याला दोन कळल्या तरी पुरे.

पहिली धबधब्याची. आधी सगळ्या गरजा लिहायच्या, मग आराखडा, मग बांधणी, मग तपासणी, मग वापर. पाणी जसं वरून खाली येतं, परत वर चढत नाही, तशी ही एकामागून एक पायरी. अमेरिकेतले अभियंता विन्स्टन रॉयस यांनी 1970 साली एका लेखात अशा पायऱ्या मांडल्या. गंमत अशी की हे काम असंच सरळ रेषेत करणं धोक्याचं आहे, हेही त्यांनी त्याच लेखात लिहिलं होतं. धबधबा हे नावसुद्धा त्यांचं नाही, ते मागाहून पडलं. लोकांनी चित्र उचललं आणि इशारा मागेच राहिला.

धोका कुठे आहे ते ब्लाउजवरून समजेल. माप दिलं, कापड दिलं आणि एकदम लग्नाच्या आदल्या दिवशी तयार ब्लाउज हातात आला. बाही घट्ट. आता काय करणार? कापड तर कापून झालंय. चांगली शिवणारी बाई आधी कच्चे टाके घालते, अंगावर चढवून बघायला लावते, मगच पक्की शिलाई मारते.

दुसरी पद्धत या कच्च्या टाक्यांसारखी. तिला अजाइल म्हणतात. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्ड इथे 17 सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी या विचाराचा एक छोटा जाहीरनामा काढला. मोठमोठ्या कागदांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर दाखवा, वापरणाऱ्यांना बरोबर घ्या, आणि मध्येच गरज बदलली तर ती ऐका, असा त्याचा आशय. या पद्धतीत काम लहान लहान तुकड्यांत होतं. एक तुकडा साधारण एक ते चार आठवड्यांचा, त्याला स्प्रिंट म्हणतात. पहिल्या तुकड्यात फक्त सभासदांची नोंद आणि बचत. ती आपण वापरून बघायची आणि चुका सांगायच्या. पुढच्या तुकड्यात कर्ज, त्याच्या पुढे मजुरी.

ऐकायला ही पद्धत गोड वाटते, पण तिचा भार आपल्यावर येतो हे लक्षात घ्या. दर दोन आठवड्यांनी कोणीतरी बसून बघायला पाहिजे, आणि 'हे हवं, हे नको' असं ठामपणे सांगणारी एकच व्यक्ती पाहिजे. अध्यक्ष एक सांगते, लेखापाल दुसरं, कोणाचा तरी इंजिनिअर भाचा तिसरंच सांगतो. असं झालं की बनवणारा जो शेवटी बोलला त्याचं ऐकतो. म्हणून संघाने ठराव करून एका ताईला ही जबाबदारी द्यावी. ती सगळ्यांचं ऐकेल, पण निरोप तिच्याच तोंडून जाईल. शक्यतो वहीत रोज हात घालणारी ताई निवडा, पदावरची असलीच पाहिजे असं नाही. आणि तिच्या या वेळेचा मोबदला द्या. हे फुकटात करायचं काम नव्हे.

मग आपल्यासाठी कोणती बरी? मला विचाराल तर मिश्रण. पैशाचे नियम, म्हणजे व्याज, दंड, हप्ता, लेखापरीक्षणाचे तक्ते, आधीच पक्के लिहून घ्या. तिथे 'बघू पुढे' नको. पण पडद्यावर काय कुठे दिसावं, बटणं मराठीत कशी लिहावीत, रेंज नसताना काय व्हावं, हे मात्र तुकड्या-तुकड्याने वापरून ठरवा. बसल्या जागी ते कोणालाही सुचत नाही.

'दीड महिन्यात देतो ताई'

आता कामाची आखणी. कुठल्याही कामाला तीन बाजू असतात: किती काम, किती वेळ, किती पैसा. एक ओढली की बाकीच्या हलतात. मध्येच 'एवढं एक वाढवून द्या ना' असं म्हणायची आपल्याला सवय आहे. भाजीवालीकडे वरची कोथिंबीर मागतो तसंच. पण दहा वेळा कोथिंबीर मागितली तर एकतर काम लांबतं, नाहीतर आतून कच्चं होतं. वाढीव काम हवं असेल तर वेगळ्या कागदावर लिहायचं: काय वाढलं, किती दिवस वाढले, किती पैसे वाढले, दोघांच्या सह्या.

वेळेचं गणित एका उदाहरणाने बघू. समजा संघात 120 गट आहेत आणि गटात सरासरी 11 सभासद. म्हणजे 1,320 जणी. प्रत्येकीची आजवरची बचत आणि कर्जबाकी वहीतून बघून, ताळा करून, एक्सेलच्या तक्त्यात भरायची. एक मुलगी दिवसाला 30 जणींच्या नोंदी नीट भरू शकते असं धरू. 1,320 भागिले 30 म्हणजे 44 दिवस. आठवड्याला पाच दिवस काम धरलं तर जवळपास 9 आठवडे.

आता कामं मांडू. गरजा लिहायला 2 आठवडे. त्यानंतर दोन कामं एकाच वेळी सुरू होतात: सॉफ्टवेअर बनवणं 6 आठवडे आणि जुन्या नोंदी भरणं 9 आठवडे. दोन्ही संपल्यावर तपासणी आणि प्रशिक्षण 2 आठवडे. मग वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही बरोबर चालवायचे 8 आठवडे. सगळ्यात लांब साखळी धरा: 2 + 9 + 2 + 8 म्हणजे 21 आठवडे. पाच महिने! बनवणारा 'दीड महिन्यात देतो' म्हणाला तेव्हा तो खोटं बोलत नव्हता. तो फक्त त्याचे 6 आठवडे सांगत होता. उरलेले आपले आहेत आणि ते कोणी मोजलेच नव्हते.

अशी कामं आडव्या पट्ट्यांनी आठवड्यांच्या रकान्यांत काढली की भिंतीवर लावता येतात. त्याला गँट तक्ता म्हणतात, हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याच्या नावावरून. चार्ट पेपर आणि स्केचपेन पुरे. सगळ्यात लांब साखळीवर लाल रेघ मारा. त्या साखळीतलं काम एक आठवडा लांबलं की सगळंच एक आठवडा लांबतं. वरच्या उदाहरणात सॉफ्टवेअरवाल्याच्या मागे कितीही लागलो तरी एक दिवसही वाचत नाही, कारण लाल रेघ नोंदी भरण्यावरून जाते. तिथे दुसरी मुलगी बसवली तर 9 चे साडेचार आठवडे होतात. मग लाल रेघ सॉफ्टवेअरवर सरकते आणि एकूण 18 आठवडे लागतात.

नोंदी भरण्यात माणूस वाढवल्याने वेळ वाचतो, कारण ते काम वाटता येतं. अर्ध्या वह्या तू घे, अर्ध्या मी. सॉफ्टवेअर बनवण्यात मात्र तसं होत नाही. आयबीएम कंपनीत एका मोठ्या सॉफ्टवेअरचं काम सांभाळलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी 1975 च्या आपल्या पुस्तकात सांगितलं की आधीच उशीर झालेल्या कामावर नवी माणसं लावली तर उशीर आणखी वाढतो. मार्चअखेरीला लेखापाल ताईच्या मदतीला नवखी मुलगी बसवून बघा. ताईचा निम्मा दिवस तिला समजावण्यातच जाईल.

तपासणी: चावडीवर वाचल्यासारखी

2017 साली आपल्या राज्यात चावडी वाचनाची मोहीम झाली होती, आठवतं का? हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवले होते. त्यात चुका राहिल्या असतील तर त्या शेतकऱ्यालाच कळणार, म्हणून गावात ते वाचून दाखवले आणि हरकती घेतल्या. नाव चुकलं, क्षेत्र चुकलं, हे ज्याची जमीन त्यालाच पटकन दिसतं. तपासणीचं हे सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या घराजवळचंच आहे.

आपणही तेच करायचं. नोंदी भरून झाल्या की प्रत्येक गटाची यादी छापून बैठकीत मोठ्याने वाचा: नाव, बचत, कर्जबाकी. जिचं आहे तिने 'बरोबर' म्हटल्यावर सही किंवा अंगठा. सगळ्यांची बाकी मोठ्याने वाचणं गटात चालत नसेल तर एकेकीला जवळ बोलावून दाखवा.

मग ती वीस-पंचवीस अवघड उदाहरणं काढा. एकेक सॉफ्टवेअरमध्ये घाला आणि उत्तर वहीशी जुळतं का बघा. बनवणाऱ्याने घातलेली 'अबक' नावाची खोटी सभासद आणि तिचे 100 रुपये, यावर समाधान मानू नका. खोटी सभासद कधी अर्धा हप्ता आणत नाही!

दोन महिने वही बंद करू नका. काम दुप्पट होतं, ताया कुरकुरतात, ते खरं आहे. पण महिन्याचा ताळा दोनदा जुळल्याशिवाय वही कपाटात ठेवायची नाही. आणि सगळे 120 गट एकदम नको. आधी पाच गट घ्या: एक जवळचा, एक रेंज नसलेला, एक जुना, एक नवा, आणि एक सतत भांडणारा. तिथे जमलं की पुढे जा.

एकदम उघडण्याचा धोका मोठमोठ्या सरकारांनाही बसलाय. अमेरिकेत आरोग्य विम्यासाठी केलेलं सरकारी संकेतस्थळ 1 ऑक्टोबर 2013 ला देशभर एकाच दिवशी खुलं झालं. बनवणाऱ्या कंपन्या अनेक होत्या, पण सगळं जोडून तपासायला वेळच उरला नव्हता. लाखो लोक आले आणि पहिल्या दिवशी फक्त 6 जणांची नोंदणी पूर्ण झाली. पुढे ते दुरुस्त झालं, पण तोवर नाचक्की व्हायची ती झाली होती.

करारात काय लिहून घ्यायचं

पैसे तारखेप्रमाणे देऊ नका, चालणाऱ्या तुकड्याप्रमाणे द्या. बचतीचा भाग वापरून पाहिला, जुळला, मग त्याचा हप्ता. शेवटचा हप्ता दोन महिन्यांचा ताळा जुळल्यावर.

माहिती संघाच्या मालकीची, हे वाक्य करारात हवंच. काम थांबलं, भांडण झालं किंवा बनवणाऱ्याने धंदा बंद केला, तर सगळी माहिती एक्सेलमध्ये आपल्या हातात मिळाली पाहिजे. मुख्य पासवर्ड पाकिटात बंद करून संघाच्या कपाटात. तो एकाच मुलाच्या मोबाईलमध्ये असेल तर तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला की संघ अडकतो. आठवड्याला एक प्रत वेगळ्या ठिकाणी जपून ठेवायची, ती कोण ठेवणार त्या ताईचं नाव लिहा. दरवर्षीचा देखभाल खर्च आधीच विचारा. पहिल्या वर्षी स्वस्त वाटलेलं दुसऱ्या वर्षी महाग पडू शकतं. आणि आधार, फोन नंबर, बँक खातं ही सभासदांची खाजगी माहिती आहे. तिच्यासाठी 2023 साली देशात स्वतंत्र कायदाही झालाय. कामाला लागेल तेवढीच माहिती घ्या, आणि ती दुसऱ्या कोणाला द्यायची नाही असं करारात स्पष्ट लिहा.

पुढच्या बैठकीसाठी

तुमच्या संघाला सॉफ्टवेअर घ्यायचं असो वा नसो, एवढं करून बघा. प्रत्येक गटाने आपल्या वहीतून गेल्या वर्षभरातल्या तीन विचित्र नोंदी शोधायच्या: जिथे लिहिणारी ताई थांबली होती, खोडलं होतं किंवा समासात काहीतरी लिहिलं होतं. नाव न लिहिता, फक्त आकडे आणि काय घडलं ते कागदावर उतरवा. ग्रामसंघाच्या बैठकीत ते कागद एकत्र वाचा आणि प्रत्येकावर विचारा, 'आपला नियम काय?' जिथे दोन गटांची उत्तरं वेगळी येतील त्या कागदांचा वेगळा गठ्ठा करा आणि प्रभागसंघाकडे पाठवा.